कानावरचा दवणा

"तिथं बघण्यासारखं आहे काय?" रायपूरला निघाले म्हटल्यावर निदान सहा जणांनी मला हे विचारलं. आमच्या कोल्हापुरातून लोक बदामीला जातात, गोकर्णाला जातात, पोरं परदेशात असली तर तिकडं जाऊन येतात. होळीच्या सुट्टीत रायपूरला कोणी जात नाही. मी प्रत्येकाला सांगितलं, माझी बहीण आहे, तिला आणायला चाललेय. जाताना माझं एक तिकीट होतं आणि येताना दोन.

मंदाताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती रायपूरला गेली. दाजींचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळात तिकडं जाऊन राहिलेलं. दाजी स्वतः शाळेत चित्रकला शिकवायचे. गेल्याच्या गेल्या वर्षी ते गेले. भाचा बंगळुरूला, त्याच्याकडं ताईचं मन रमत नाही. म्हणजे शंकर नगरातल्या त्या घरात ती एकटी, आणि इकडं मी एकटी. मी लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले. माझ्या फ्लॅटला दोन खोल्या जास्तीच्या आहेत. त्यातली खिडकीची खोली मी दिवाळीतच ताईसाठी आकाशी रंगवून घेतली होती. फोनवर तिला विचारलं की ती म्हणायची, "बघू." मी ते 'हो' असं धरलं. वर्गात प्रश्न विचारताना उत्तर मला आधीच माहीत असायचं, ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

शंकर नगर

गोंदियापर्यंत एक गाडी आणि पुढं दुसरी, त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की गोंदियाच्या पुढं रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. आमच्याकडं पळस दिसतो तो एखाददुसरा, बांधावर. इथं तो मैलच्या मैल होता, पान एक नाही, नुसती फुलं. मी खिडकीला नाक लावून बसले आणि समोरच्या बाईंना पळसाच्या फुलाची रचना समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली.

ताई स्टेशनवर आली होती. वाळली होती, पण ताठ चालत होती. "काहून गं, इतकी मोठी बॅग कायले आनली?" हे तिचं पहिलं वाक्य. बॅग अर्धी रिकामी होती, तिचं सामान भरायला आणलेली. ते मी स्टेशनवर बोलले नाही.

ताईच्या 'काहून'ची मला दर खेपेला नव्यानं सवय करावी लागते. कोल्हापुरात वाढलेली माझी बहीण 'मले-तुले' करते, मधेच हिंदीत शिरते, भाजीवालीशी छत्तीसगढी बोलते. वरच्या मजल्यावर राहणारी श्रेया नावाची कॉलेजातली मुलगी नागपूरकडच्या मराठी घरातलीच, पण तिला मराठीत काहीही विचारा, उत्तर हिंदीत येतं. मी दोन दिवस तिला मराठीत बोलायला लावायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मीच तिच्याशी हिंदीत बोलत होते.

सकाळी न्याहारीला ताईनं चीला केला. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं म्हणा, पण आपल्या धिरड्यापेक्षा मऊ, आणि सोबत भाजलेल्या टोमॅटोची, लसूण-मिरची ठेचलेली चटणी. मी चार खाल्ले. दुसऱ्या दिवशी फरा होता, तांदळाच्याच पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या, वाफवून तीळ-मोहरीच्या फोडणीत परतलेल्या. आपल्याकडं आजारी माणसाला भात देतात आणि धडधाकट माणसाला भाकरी. इथं भातावर माणसं कारखान्यात आणि शेतात राबतात. हे मी ताईला म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "शाले, अठ्ठेचाळीस वर्षांनी तुले आता समजलं."

संध्याकाळी तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरायला गेलो. रस्त्याच्या कडेला नंगाडे विकायला मांडले होते, लहान-मोठे, जोडीनं वाजवायचे, होळीच्या गाण्यांसाठी. एक विकणारा हात साफ करून घेत होता आणि तीनचार बायका भाजीच्या पिशव्या घेऊन तिथंच थांबून ठेका धरत होत्या. तळ्याला एक फेरी मारून झाल्यावर मी विषय काढला.

"तुझं इथं आहे कोण, ताई?"

ती पाण्याकडं बघत होती. "बघू," म्हणाली.

उद्यानात

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही वनस्पती उद्यान बघायला निघालो. ते नव्या रायपूरच्या बाजूला आहे, तेलीबांधा सोडलं की रस्ता एवढा रुंद होतो की समोरून येणारी गाडी वेगळ्या गावाला चालल्यासारखी वाटते. श्रेया गाडी चालवत होती. खरं तर तिला सुट्टीत झोपायचं होतं, पण मी आदल्या दिवशीच सगळं ठरवून टाकलं होतं.

मला उद्यानं आवडतात ती पाट्यांसाठी. झाडाला नाव दिलेलं असलं की जगात थोडी शिस्त आहे असं वाटतं. दारातच मला एक चूक सापडली. पळसाची पाटी पांगाऱ्याला आणि पांगाऱ्याची पळसाला लागली होती. मी गार्डला बोलावून दोन्ही फुलं दाखवली, पानं दाखवली, काटे दाखवले. तो मान हलवत "हव, हव" म्हणत राहिला. दुपारी निघताना बघितलं तर पाट्या होत्या तिथंच होत्या.

पण झाडं, काय सांगू! कुसुमाची नवी पालवी लालभडक फुटली होती. श्रेया म्हणाली, "आंटी, ये फूल कितने सुंदर हैं!" मी तिला जवळ नेऊन दाखवलं की ती फुलं नव्हेत, कोवळी पानं आहेत, आठवड्याभरात हिरवी होतील. ती चकित झाली. विद्यार्थी चकित झाला की मला अजूनही जेवल्यासारखं वाटतं. पुढं मोहाच्या झाडाखाली पहाटे गळलेली फुलं अजून थोडी पडलेली होती, पिवळट, मांसल, उग्र गोड वासाची. ताईनं चार उचलून पदराला पुसली, दोन मला दिली, दोन आपण खाल्ली. चाळीस वर्षांपूर्वी दाजींनी तिला पहिल्यांदा मोहाची फुलं खायला घातली होती म्हणे. तेव्हा ती थुंकली होती. आता ती आणखी शोधत होती.

अकराच्या सुमारास ऊन तापलं. ताई चिंचेखालच्या बाकावर बसली आणि श्रेया चहा बघायला गेली. मी एकटीच औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या विभागात शिरले. तिथं हिरव्या जाळीच्या सावलीत तीन बायका कुंड्यांची कामं करत बसल्या होत्या. वास मला दहा पावलं आधीच आला. दवणा!

आमच्याकडं दवणा म्हणजे चैत्र. जोतिबाला वाहतात, बाजारात पेंढ्याच्या पेंढ्या येतात, सगळ्या गल्ल्यांना त्याचा वास लागतो. बायका केसात, कानावर खोवतात, वाटेत भेटलेल्या बाईला एक काडी देतात. त्यात काही विशेष नसतं. हळदीकुंकवाला फूल द्यावं तसं.

कुंड्यांजवळची बाई माझ्याच वयाची असेल. डोक्याला उन्हाचा गमछा घट्ट बांधलेला, हातभर हिरवं गोंदण. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावर तुळशीवृंदावन असायचं, हिच्या हातावर वेलबुट्टी होती, मनगटापासून कोपरापर्यंत. ती दवण्याचे शेंडे नखानं खुडत होती, म्हणजे झाड बाजूनं फुटतं. मी शाळेत हे शिकवायचे. खुडलेल्या शेंड्यांचा तिच्या पुढ्यात ढीग होता.

"ए दौना हरय, बाई," ती म्हणाली. "सूंघ के देख."

"माहीत आहे! आमचाच आहे हा!" मी मराठीतच ओरडले. मग खाली बसले, तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, का ते पुढं येईलच. कोल्हापूर, जोतिबा, चैत्र, सगळं मी तिला हातवारे करून सांगितलं. किती समजलं कोण जाणे, पण ती हसत होती आणि तिचं हसणं फार मोकळं होतं. मला ती बाई एकदम आवडली. मी ढिगातली एक काडी उचलली. केसात खोवावी म्हटलं तर गमछ्यामुळं अंबाडा दिसेना. म्हणून मी ती तिच्या कानावर खोवली.

तिचं हसू थांबलं. बाजूच्या दोघींचे हात थांबले.

तिनं मला काहीतरी विचारलं, हळू आवाजात, बराच लांब प्रश्न. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आता माझा स्वभाव असा, की समजलं नाही हे कबूल करणं मला जमत नाही. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या बाईला ते जमत नसतं. मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "हव, हव!"

ती उठली. नळावर जाऊन हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, गमछा सोडून पदर डोक्यावर घेतला. सगळ्यात चांगल्या कुंडीतली एक ताजी काडी खुडली आणि माझ्या कानावर खोवली. मग माझे दोन्ही हात धरून वाकली. "सीताराम, दौनापान."

"सीताराम, सीताराम," मी म्हटलं. किती गोड रीत, मला वाटलं. बाकीच्या दोघी टाळ्या वाजवत होत्या. चहाचे कागदी कप घेऊन आलेली श्रेया हे सगळं मोबाइलवर टिपत होती.

मागून ताई आली. तिनं माझा कान बघितला, त्या बाईचा कान बघितला, आणि पोट धरून हसायला लागली. दाजी गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. "शाले! अगं काय करून बसली तू!"

मग ताईनं जे सांगितलं ते असं. छत्तीसगढात दोन बायका, किंवा दोन पुरुष, ठरवून एकमेकांचे जन्माचे सोबती होतात. कुणी प्रसाद देऊन, कुणी गंगाजल देऊन, आणि कुणी कानावर दवण्याची काडी खोवून. दवण्यानं जोडल्या त्या दौनापान. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत. हाक मारायची ती 'दौनापान' अशीच. जातपात आड येत नाही. एकीचं घर ते दुसरीचं घर, एकीची बहीण ती दुसरीची बहीण, लग्नात आहेर, मरणात सुतक. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, दौनापानशी नाही.

"आन तिनं तुले तसं विचारलं बी," ताई म्हणाली. त्या दोघींकडून तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. "विचार करून सांग, असं म्हणाली ती तुले. तू हव म्हटलं."

ती बाई आता ताईशी बोलत होती, खाली बघून. मी खोदून विचारल्यावर ताईनं सांगितलं, "ती म्हनते, मोर उमर के टुरी मन बदिन, मैं ईंटा भट्ठा म रहेंव. तिच्या वयाच्या पोरी दौनापान करत होत्या, तेव्हा ही वीटभट्टीवर होती. मग लग्न झालं, मग पोरं. कोनी विचारलंच नाही तिले. साठ वर्षांत तू पहिली."

निघताना त्या बाईनं सांगितलं, रंगाच्या दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन घरी येते, दिव्यासमोर पक्कं करू. आणि मला बजावलं, "अब मोर नाव झन लेबे." आता माझं नाव घेऊ नकोस. मी मान हलवली.

गाडीत बसल्या बसल्या मी ताईला म्हटलं, "तिला कळव, हे चुकून झालं. आमच्याकडं दवणा असाच देतात म्हणावं."

"मी काहून सांगू? खोवलं तू, हव म्हटलं तू. तूच सांग." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं झाली मले इथं. मले कोनी दौनापान नाही केलं."

श्रेयाचं चित्रीकरण संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं.

होळी आणि रंग

ताईची पुरणपोळी आता नागपुरी झाली आहे. पुरण पोळीपेक्षा जास्त, तूप वाटीत घेऊन त्यात बुडवायची. मी कटाच्या आमटीबद्दल दोन शब्द ऐकवले, पण खाल्ल्या तीन. उद्यानातून आल्यापासून माझा जीव मात्र कपाटांत अडकलेला. मी ताईच्या साड्या काढून थप्पी लावायची, न्यायच्या आणि ठेवायच्या. मी अंघोळीला गेले की ती न्यायची थप्पी परत कपाटात लावायची. आमच्यात यावर एक शब्द झाला नाही. दोन दिवस आम्ही दोघी त्याच सहा साड्या इकडून तिकडं करत होतो.

रंगाच्या दिवशी मी घरातच बसणार होते. आम्ही कोल्हापूरकर रंग खेळतो ते पंचमीला, असं मी दारात आलेल्यांना समजावायला गेले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या डोक्यावर बादली आली. गल्लीतल्या बायका, वाणी, दूधवाला, दाजींचे चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी, सगळे ताईच्या पायावर गुलाल घालून गेले. नंगाडे दुपारपर्यंत चालू होते. "बघ, केवढी माणसं," ताई म्हणाली.

"रंगापुरती," मी म्हटलं. "उद्या आजारी पडलीस तर?"

ती गुलाल झटकत आत गेली.

ती आली

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. मी माझं भाषण तयार करून ठेवलं होतं, सोप्या हिंदीत. त्यात आदर होता, खेद होता, दोन राज्यांतल्या वेगळ्या रीतींचा उल्लेख होता. चांगलं भाषण होतं. श्रेयानं हिंदी तपासून दिली होती.

दार उघडलं तर ती उंबऱ्याबाहेर उभी. डोक्याला भरपूर तेल, कोरी लाल साडी, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या. बसथांब्यापासून चालत आलेली, ओठ सुकलेले. हातातल्या पिशवीत नारळ, घरचे तांदूळ, डब्यात ठेठरी आणि गुळाची गोड खुरमी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साडी, माझ्यासाठी. दुसऱ्या हातात कुंडी होती. तिच्या अंगणातला दवणा होता तो, उद्यानातला नव्हे, हे तिनं दोनदा सांगितलं. बसमध्ये कुणाचा धक्का लागून एक फांदी मोडली होती, ती तिनं दोऱ्यानं बांधली होती.

तो दोरा बघितला आणि माझं भाषण गेलं. खरंच सांगते, पहिला शब्दसुद्धा आठवेना. वर्गात इतक्या वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं. ताई माझ्याकडं बघत होती, आता बोल, अशी.

"सीताराम, दौनापान," मी म्हटलं. "आत या. या ना."

ताईनं देवासमोर दिवा लावला. मोडलेल्या फांदीचीच काडी दोघींनी एकमेकींच्या कानावर खोवली, नारळ फोडला. मी तिला काय देणार? ताईच्या 'न्यायच्या' थप्पीतली सगळ्यात चांगली साडी ताईनंच आणून माझ्या हातात ठेवली. मग आम्ही तिघी ओट्याजवळ बसून ठेठरी खाल्ली. बेसनाची, कडक, तिखटमिठाची, आमच्या कडबोळ्याची मावसबहीण. ती घर बघत होती, दाजींनी काढलेली चित्रं बघत होती. पाहुणी म्हणून नव्हे. कुठं काय ठेवलंय ते लक्षात ठेवावं तसं.

मग तिनं विचारलं, दौनापान आता परत कधी येणार? ताईनं तिला खरं ते सांगितलं, की माझं उद्याचं तिकीट आहे आणि मी ताईलाही कोल्हापूरला न्यायला आलेय.

तिचा हात डब्यातच राहिला. "दीदी चल दिही त मैं काकर घर आहौं?"

दीदी गेली तर मी कुणाच्या घरी येऊ? हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. मराठीत बोलली, म्हणजे मला ऐकवायला. "मी कुठं नाही जात. तू येत जा."

तिला बसथांब्यापर्यंत सोडून आल्यावर मी ताईवर सुटले. एका अनोळखी बाईसाठी? सख्खी बहीण इतक्या लांबून न्यायला आलीय, खोली रंगवलीय, आणि तू माझ्यासमोर परक्या बाईला शब्द देतेस? आणि पुन्हा तेच विचारलं, वरच्या पट्टीत, "तुझं इथं आहे कोण?"

ताईला राग आला नाही. ती साड्या कपाटात लावत होती, एकेक. "मोहाची फुलं कुठं पडतात ते मले इथंच माहीत हाय," ती म्हणाली. "मास्तरची पोट्टी-पोट्टे इथंच हाय. मले कोनी नाही असं तुले वाटून राहिलं. तुझं तिथं कोन हाय, शाले?"

मी तोंड उघडलं. प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मला यायलाच हवं होतं. शेजारच्या फ्लॅटला कुलूप आहे. शाळेतल्या मैत्रिणींपैकी दोघी गेल्या, एक मुलीकडं गेली. दूधवाला पिशवी दाराला अडकवतो, त्याचं तोंड मी महिनोन्‌महिने बघत नाही. मी ताईला आधार द्यायला आले नव्हते. ती आकाशी खोली मी माझ्यासाठी रंगवली होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी ओट्याला टेकून रडले, लहानपणी रडायचे तशी, आवाज काढून.

ताईनं रडू दिलं. मग पाणी दिलं आणि म्हणाली, "दर होळीले येत जा. आता दौनापान हाय तुझी, नाही आली तर तिले काय सांगू मी? आन दिवाळीले मी येते तिकडं. तुझी निळी खोली पाहाले."

परत

परतीच्या गाडीत माझ्यासमोरचा बर्थ ताईच्या नावाचा होता. त्यावर मी दवण्याची कुंडी ठेवली. तिकीट तपासनीसानं कुंडीकडं बघितलं, यादीकडं बघितलं आणि विचारलं, "मंदाकिनी देवी कहाँ हैं?" मी सांगितलं, त्या रायपूरलाच राहणार आहेत. दुर्गला तो बर्थ एका गृहस्थाला मिळाला. मग कुंडी माझ्या मांडीवर आली ती कोल्हापूरपर्यंत. रात्रभर डब्यात दवण्याचा वास होता, आणि वरच्या बर्थवरच्या बाईंनी सकाळी उठल्या उठल्या विचारलं की कुठं मिळाला. मी सगळी हकिकत सांगितली. यावेळी फुलाची रचना सांगितली नाही.

कुंडी आता आकाशी खोलीच्या खिडकीत आहे. दोऱ्यानं बांधलेल्या फांदीला बाजूनं फुटवे आलेत. रविवारी संध्याकाळी ताईचा फोन येतो. ती फोन दुसऱ्या हातात देते आणि मग पलीकडून "सीताराम, दौनापान" ऐकू येतं. मी "सीताराम, दौनापान" म्हणते. पुढचं तिला माझं आणि मला तिचं निम्मं कळतं. समजलं नाही तर आता मी "समजलं नाही" म्हणते, ती पुन्हा सांगते.

परवा चैत्राच्या गर्दीत देवळाबाहेर गेले होते. नेहमीची फुलवाली दवण्याच्या पेंढ्यांच्या राशीत बसली होती. "बाई, औंदा लई घमघमाटाय बगा," म्हणाली आणि एक काडी उचलून, गेली वीस वर्षं खोवते तशी, माझ्या कानाकडं हात नेला. मी पटकन कानावर हात ठेवला.

"हातात दे," मी म्हटलं. "कानावर नको. माझी आहे एक, रायपूरला."

"कोण वो? नाव काय तिचं?"

मला तिचं नाव माहीत आहे. मी काडी पदरात बांधली आणि घरी आले.